कायमचा ऑफ सीझन

विलास मास्तरांनी चहाची बशी बाजूला सारली, फॉर्मचं शेवटचं पान उलटलं आणि पेनाचं टोपण काढता काढता विचारलं, "वहिनींच्या वयाचा दाखला?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. पदराला हात पुसत होते, तो तसाच राहिला.

"तिचा दाखला न्हाई," हे म्हणाले. "लग्नाच्या आधीच गेला. माहेरच्या घरात पाणी शिरलं हुतं."

"वहिनींचं माहेर आटपाडीच्या पलीकडं ना?" मास्तर माझ्याकडं बघून हसले. "तिथं पाणी कधी शिरलं?"

पस्तीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आमच्या भागात टँकर शिरतो, पाणी शिरत नाही. मी म्हटलं, ढगफुटी झाली होती, आणि आत जाऊन उगाच भांडी वाजवत बसले.

बाहेर मास्तर सांगत होते की दाखला गेला म्हणून काही अडत नाही, शाळेचं रजिस्टर कुठं जातंय, अर्ज दिला की दुसरा मिळतो. ते शाळेत गणित शिकवायचे आणि उरलेल्या वेळात विमा विकायचे, त्यामुळं दोन्हीकडचे नियम त्यांना तोंडपाठ. हे लगेच म्हणाले, "सोमवारी जाऊन घेऊन येतो की. आता मला कुठं कारखान्याची पाळी गाठायची हाय?"

 त्या रजिस्टरात माझी जन्मतारीख खरी होती.

झालं होतं ते असं. आई गेली तेव्हा मी चौदा वर्षांची होते. मागं चार भावंडं, धाकटा तर अजून रांगत होता. सातवी झाली होती, तिथंच शाळा सुटली. सगळ्यांचं करता करता मी सत्तावीस वर्षांची झाले, आणि त्या काळी सत्तावीस वर्षांच्या मुलीला आमच्याकडं बिजवराशिवाय दुसरं कुणी विचारत नव्हतं. दाजीमामानं रंगराव खोतांचं स्थळ आणलं. साखर कारखान्यात कायम नोकरी, वय पंचवीस, सुपारीचंही व्यसन नाही. मामा म्हणाला, वीस सांगायचं, चणीनं बारीक आहेस, खपून जाईल. आणि खपून गेलं.

म्हणजे जगाच्या लेखी मी नवऱ्यापेक्षा पाच वर्षांनी धाकटी आणि खरं बघितलं तर दोन वर्षांनी थोरली. पहिलं बाळंतपण झालं की सांगू म्हटलं. शैला झाली, नाही सांगितलं. मग सासूबाई आहेत तोवर नको म्हटलं. त्या गेल्या, तरी तोंड उघडलं नाही. पुढं इतकी वर्षं झाली की आता सांगून काय मिळवायचं, असं वाटायला लागलं.

अंग मात्र कुणाचं ऐकत नाही. शैला पहिलीत गेली त्या वर्षी माझे केस पिकायला लागले, आणि मी तर सगळ्यांच्या लेखी अठ्ठावीस वर्षांची. पुढं विटाळही लवकर गेला. शेजारणी हळहळायच्या, चाळिशीतच कसं गं, आणि मी नशिबाला बोल लावल्यासारखी मान हलवायची. केस पिकले तेव्हाच हे इस्लामपूरच्या डॉक्टरला विचारून आले होते, कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या, डोक्याला लावायला ब्राह्मीचं तेल आणलं, आणि दुसऱ्या दिवसापासून नळावरच्या घागरी स्वतः आणायला लागले. कारखान्याच्या कॉलनीत पुरुषानं खांद्यावर घागर घेणं म्हणजे हसण्याचा विषय. लोक हसायचे, हे घागर आणायचे. मला वाटायचं, स्वभावच आहे.

हे कारखान्यात पॅनमन होते. रस आटवून साखर बांधतात त्या मोठ्या भांड्याला पॅन म्हणतात. आत दाणा कितपत धरलाय हे जुने पॅनमन चिमटीत थेंब चोळून सांगायचे. ह्यांना ती सवयच जडली होती. विचारात पडले की अंगठा आणि बोट चोळत बसायचे, हातात काही नसलं तरी.

कारखाना सहा महिने चालायचा. बॉयलर पेटला की पूर्ण पगार, विझला की निम्मा. त्यामुळं कॉलनीतल्या सगळ्या घरांची एकच रीत होती: हंगामात हात सैल, ऑफ सीझनला मूठ आवळलेली. ऑफ सीझनला मटण बंद, कापडचोपड बंद, दुपारचा चहा एकाच कपाचा, दोघांत. मग दिवाळीच्या सुमाराला कारखान्यात उसाची पहिली मोळी पडायची, भोंगा वाजायचा, आणि पहिल्या पगाराच्या दिवशी हे भडंगाची मोठी पुडी नि भाजलेल्या शेंगा घेऊन यायचे. आम्ही तिघं पायरीवर बसून ते संपवायचो. ह्यांना कुरकुरीत खायचं भारी वेड. भाकरीचा पापुद्रा मोडला तरी पलीकडच्या खोलीत कळायचं, हे जेवायला बसलेत.

अठ्ठ्याण्णव साली ह्यांना साठ पूर्ण झाली. कारखान्यानं शाल-नारळ दिला, साहेब दोन शब्द बोलले. घरी आल्यावर ह्यांनी शालीची घडी कपाटात ठेवली आणि म्हणाले, "आता कायमचा ऑफ सीझन."

मी हसले. मला वाटलं, गंमत करतायत.

दुसऱ्याच दिवशी पेपर बंद झाला. आठवड्याभरात दुधाचा रतीब निम्म्यावर आला. रविवारचा बाजार हे सकाळी न करता उठता बाजार करायला लागले, भाजीवाल्या उरलेलं स्वस्तात टाकतात तेव्हा. मऊ पडलेली वांगी, पिवळी पडलेली मेथी घेऊन यायचे आणि वर किती वाचले ते सांगायचे. नातवाच्या वाढदिवसाला शैलाकडं पुण्याला जायचं होतं, ते पोस्टकार्डावर भागवलं. तक्रार कशाची करायची? मूठ आवळून राहणं मला नवं नव्हतं. पण आजवरचा ऑफ सीझन सोसला तो पुढं भोंगा वाजणार म्हणून. ह्या ऑफ सीझनला पुढं काहीच नव्हतं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे दात. वरचे सगळे पडले होते, खाली चार उरले होते. एसटी स्टँडच्या मागं दातांचा डॉक्टर होता, त्यानं कवळीचे साडेतीन हजार सांगितले. हे जे उठून आले ते पुन्हा तिकडं फिरकले नाहीत. एवढा मोठा माणूस वाटीत भाकरी कुस्करायचा, वर आमटी ओतायचा आणि चमच्यानं खायचा. जेवताना आवाज नाही. मला समोर बसून घास गिळवायचा नाही.

एकदा मी चिडून विचारलं, एवढा पैसा ठेवून काय करायचंय? तर ह्यांनी मला शांतपणे समजावून सांगितलं.

"तू माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. बायका तशाबी चार-पाच वर्षं जास्तीच काढत्यात. म्हंजे माझ्यामागं धा वर्षं तू एकटी. कुनाचं तोंड बघत बसायचं न्हाई तू. साडेतीन हजार म्हंजे तुझा तीन महिन्यांचा किराणा हाय."

माझा तीन महिन्यांचा किराणा! ज्या दहा वर्षांसाठी हा माणूस भाकरी कुस्करून खात होता, त्यातली सात वर्षं मी आणि दाजीमामानं मिळून रचलेली होती. त्या दिवशीच सांगायला हवं होतं. पण मी ताट उचललं आणि मोरीवर जाऊन बसले.

त्यातच मास्तरांची योजना आली. फंडाचे एक लाख भरायचे, दरमहा पेन्शन मिळणार. त्यात दोन प्रकार. एकात पेन्शन जास्त, पण ती ह्यांच्यापुरती, हे गेले की बंद. दुसऱ्यात महिन्याला पावणेदोनशे कमी, पण ह्यांच्यामागं तीच पेन्शन मला मरेपर्यंत. ह्यांच्या पाळीतल्या सगळ्यांनी पहिला प्रकार घेतला होता. ह्यांनी मास्तरांना बसूही दिलं नाही, दुसरा म्हणून सांगितलं. आणि दुसऱ्या प्रकाराला बायकोच्या वयाचा पुरावा लागत होता.

मास्तर गेल्यावर मी शेवटचा उपाय म्हणून म्हटलं, पहिलाच घ्या की. पावणेदोनशे जास्त येतील, तुम्हाला दात बसवता येतील, मागचं कुणी बघितलंय?

हे माझ्यावर क्वचितच चिडायचे. त्या दिवशी चिडले.

"मी मेल्यावर तू काय शैलाच्या दारात जाऊन बसनार? जावयाच्या हातचं खानार? हे मला पुन्यांदा सांगू नगंस."

मग मी म्हटलं, गावी एवढ्या लांब कशाला जाताय, इथल्या डॉक्टरकडून वयाचा दाखला मिळतो म्हणतात. तर म्हणाले, तो पन्नास रुपये घेतो, शाळेत फुकट मिळतो. रविवारी मी डोकं दुखतंय म्हणून निजून राहिले, मला वाटलं त्यानं तरी बेत पुढं जाईल. ह्यांनी स्वतःच पिठलं-भात केला, मला उठवून वाढलं आणि सोमवारी घालायचा सदरा इस्त्रीला टाकून आले.

सोमवारी सकाळी हे पिशवी घेऊन निघाले. दारात वळून म्हणाले, शाळेत तुझं नाव हुडकायचं तर माहेरचं आडनाव सांगायला लागंल न्हवं? मी मान हलवली. गेले.

मी ओट्यापाशी उभी राहिले, आणि मला तिकडचं सगळं दिसायला लागलं. शाळेतला कारकून रजिस्टर काढणार. तारीख वाचणार. हे म्हणणार, न्हाई हो, दुसरी कोणतरी असंल, नीट बघा. तो बापाचं नाव वाचून दाखवणार. आणि मग तिथं बसलेलं कुणीतरी हसणार. माझ्या गावातली माणसं, माझ्या नवऱ्याला हसणार, आणि हा माणूस पिशवी खांद्याला लावून एसटीत बसून एकटा परत येणार. माझी अब्रू जायची ती जाऊ दे, पण ती ह्यांच्या अंगावर पडायला नको होती.

मी गॅस बंद केला आणि तशीच, घरातल्या चपलांनी निघाले. स्टँड आमच्या कॉलनीपासून वीस मिनिटांवर. मी धावतच गेले म्हणा. गाडी फलाटाला लागलेली होती, हे तिसऱ्या खिडकीत बसलेले, मांडीवर पिशवी.

"खाली उतरा."

"काय झालं? शैलाचा फोन आला?"

"न्हाई. तुम्ही आधी उतरा."

उतरले. कंडक्टर म्हणाला, बाबा, दोन मिनिटांत सुटणार हाय गाडी. मी ह्यांना बाकड्यावर नेऊन बसवलं. माझा श्वास लागला होता. ह्यांनी पिशवीतली पाण्याची बाटली काढून दिली, मी ती नुसती हातात धरून ठेवली.

"दाखल्यावर काय तारीख निघनार हाय, मला ठाऊक हाय," मी म्हटलं. "मी पंचावन्नची न्हाई. बासष्टची हाय. मामानं सात वर्षं चोरली, मी बी मग तशीच रेटली. तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी थोरली हाय मी."

हे माझ्याकडं बघत राहिले. गाडीनं हॉर्न दिला, कंडक्टरनं ह्यांच्याकडं बघून हात हलवला, ह्यांनी बघितलंच नाही. गाडी वळली आणि गेली. ह्यांचा अंगठा बोटावर फिरायला लागला. मी मान खाली घालून बसले. मला जे काय ऐकायचं होतं त्याची तयारी मी पस्तीस वर्षं केली होती. फसवलंस म्हणतील. सगळ्यांसमोर म्हणतील. म्हणू देत.

मग हे म्हणाले, "शैला पहिलीत हुती तवा तुझे केस पिकले."

"व्हय."

"तवा तू अठ्ठावीसची न्हवतीस?"

"पस्तीसची हुते."

"पस्तिशीला पिकत्यात की केस."

"पिकत्यात."

"आनि ते... बायकांचं ते लवकर गेलं, ते?"

"लवकर न्हाई गेलं. वेळेवरच गेलं."

अंगठा थांबला. ह्यांनी एकदा माझ्या डोक्याकडं बघितलं, पांढऱ्या केसांकडं, आणि तोंड फिरवून फलाटाकडं बघत बसले.

"म्हंजे माझ्या घरात येऊन न्हाई झालं ते," हे म्हणाले.

मला कळलं नाही. मी विचारलं, काय नाही झालं?

"मला वाटायचं, तुला म्या म्हातारी केली. सहा महिने निम्मा पगार, सहा महिने निम्मं जेवान. सगळ्यांना वाढून तू उरलंसुरलं खायाचीस, मला दिसत न्हवतं व्हय? त्या डॉक्टरनं सांगितलं, अशक्तपनानं हुतंय, एवढ्या तरण्या बाईचं असं हुत न्हाई. एकच पोर झालं, ते बी त्यापायीच असं धरून चाललो. कुनाला सांगनार? मग म्हटलं, जिवंतपनी तर हिला धड घालता आलं न्हाई, निदान माझ्यामागं तरी धा वर्षं पोटभर खाऊ दे."

मला रडू फुटलं. तिथंच, स्टँडवर, माणसांत. मी माझी लाज झाकायला सात वर्षं लपवली होती, आणि ती सगळी ह्या माणसानं स्वतःच्या डोक्यावर घेतली होती. ब्राह्मीचं तेल, गोळ्या, नळावरच्या घागरी. मी स्वभाव स्वभाव म्हणत होते आणि हा माणूस सत्तावीस वर्षं दंड भरत होता, न केलेल्या गुन्ह्याचा.

"मला येकदा सांगायचं हुतंस गं अनसा," हे म्हणाले. आवाज चढवून नाही. तसं चढवून म्हणाले असते तर मला सोसलं असतं.

"भ्या वाटलं."

"माझं?"

"सोडून द्याल म्हनून. आधी. नंतर नुसतंच."

पुढची गाडी लागली, लोक चढले-उतरले, ती पण गेली. ह्यांनी माझ्या हातातली बाटली घेतली, झाकण काढलं आणि परत माझ्या हातात दिली. मी पाणी प्याले. मग एकाएकी ह्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, हे पण रडतायत. बघते तर हसू आवरत नव्हतं.

"पस्तीस वर्षं वटपौर्णिमेला माझ्या पाया पडत हुतीस ती?"

"मग काय करनार हुते?"

"आता ह्या साली मी पडतो."

मी त्यांच्या दंडावर चापट मारली. शेजारची बाई आमच्याकडं बघायला लागली, म्हातारपणी काय चाळे म्हणून. हे पिशवी घेऊन उठले. मला वाटलं, घरी निघाले. पण हे कॉलनीच्या रस्त्याला न लागता स्टँडच्या मागच्या बाजूला वळले. मी विचारलं, तिकडं कुठं?

"दातवाल्याकडं," हे म्हणाले. "दोघं एकाच वयाची असलो तर एकमेकांच्या मागं किती दिवस राहनार? मला भाकरी खायची हाय आता."

असं नाही की सगळं तिथल्या तिथं मिटलं. घरी आल्यावर दोन दिवस हे माझ्याशी मोजकंच बोलले. भिंतीवर दाजीमामाचा जुना फोटो होता, तो ह्यांनी काढून माळ्यावर टाकला आणि तो मी कधी परत लावला नाही. दुखलं होतंच, आणि ते दुखणं माझं होतं, त्याला इलाज मी काय करणार? तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, दाखला आणायला दोघं जाऊ. गेलो. कारकुनानं तारीख वाचली तेव्हा ह्यांनी मान डोलवली, जशी काय ह्यांना ती लग्नाच्या आधीपासून माहीत होती, आणि मोठ्यानं म्हणाले, "बरोबर हाय." तिथं कुणी हसलं नाही.

मास्तरांनी तारीख बघून भुवया उंचावल्या, पण बोलले काही नाहीत, गणिताचे मास्तर होते. तक्ता काढून बघितलं आणि म्हणाले, वहिनींचं वय वाढल्यामुळं दुसऱ्या प्रकारातही महिन्याला नव्वद रुपये जास्त मिळतील. हे मांडीवर थाप मारून हसले. पुढं दर महिन्याला पेन्शन आणली की त्यातले नव्वद वेगळे काढून माझ्या हातावर ठेवायचे. म्हणायचे, हे तुझ्या वयाचे.

कवळी आली. डॉक्टरनं बजावलं होतं, महिनाभर मऊ खा. चौथ्या दिवशी माझ्या नव्वद रुपयांतून भडंग आलं. हिरड्या दुखून ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी पायरीवर बसून अर्धी पुडी संपवली. मी स्वयंपाकघरात होते. मला आतून ऐकू आलं, आणि मी भाकरी थापता थापता थांबून ऐकत राहिले.

त्यानंतर आम्ही काही उधळपट्टी केली नाही. पण पेपर पुन्हा सुरू झाला, बाजार सकाळचा झाला, आणि नातवाच्या प्रत्येक वाढदिवसाला पुण्याला गेलो. असं बारा वर्षं चाललं. मग हे गेले. आधी मीच जाणार असं दोघांनी धरलं होतं, तेवढं मात्र चुकलं.

आता पेन्शन माझ्या नावावर येते. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत जावं लागतं. ह्या खेपेला खिडकीवर नवीन मुलगी होती. तिनं कागदावरची तारीख बघितली, माझ्याकडं बघितलं, पुन्हा तारीख बघितली.

"ब्याऐंशी?" ती म्हणाली. "आजी, वाटत नाही हो तुम्ही एवढ्या वयाच्या."

मी म्हटलं, "घर चांगलं मिळालं होतं गं मला."